पाहिले तिघांनी, थांबला एकच

दरवर्षी १८ ऑक्टोबरला संत लूक यांचा सण येतो. त्या दिवशी धर्मग्रामातील डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णसेवेला वाहून घेतलेल्या धर्मभगिनी यांच्यासाठी आपण प्रार्थना करतो. ते योग्यच आहे. कारण कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात लूकचा उल्लेख वैद्य म्हणून येतो. परंतु ख्रिस्तसभेच्या परंपरेने याच लूकला चित्रकारांचाही आश्रयदाता मानले. त्याने पवित्र मरियेचे चित्र रंगवले ही कथा पुढच्या काळातली, इतिहासाच्या कसोटीला न उतरणारी. तरी युरोपात चित्रकारांचे संघ शतकानुशतके त्याच्या नावाने चालले. आपण मात्र वैद्य लूक जवळ ठेवला आणि चित्रकार लूक अडगळीत टाकला. त्या अडगळीविरुद्ध मला आज भांडायचे आहे.

माझे म्हणणे सरळ आहे. चित्रकलेशिवाय वैद्यकाचे शिक्षण अपुरे राहते आणि हा अपुरेपणा सर्वांत आधी गरीब रुग्णाला भोवतो.

काही वर्षांपूर्वी सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर आरोग्य शिबिरासाठी आम्ही काही मंडळी गेलो होतो. सोबत कुष्ठरोगाची माहिती देणारा एक छापील तक्ता होता. त्यावर मनगटापाशी तोडल्यासारखा दिसणारा एक हात आणि त्यावर चट्टा दाखवला होता. हाताचा रंग गुलाबी. एक वृद्ध बाई बराच वेळ तक्त्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हा हात कुणाचा? गोऱ्या माणसांचा रोग दिसतो हा." आम्ही हसलो. परतीच्या वाटेवर माझे हसू मावळले. बाईने चित्र अचूक वाचले होते. चुकला होता तो चित्र काढणारा आणि ते डोळे मिटून मंजूर करणारा डॉक्टर. सावळ्या कातडीवरचा कुष्ठाचा चट्टा फिकट किंवा तांबूस दिसतो, तेथे स्पर्श कळत नाही. हे त्या बाईला कळायला हवे होते आणि आम्ही तिला परक्याचा हात दाखवून आलो.

ही चूक केवळ आपल्याकडची नाही. २०२० साली लंडनमध्ये मलोन मुकवेंडे या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या शिक्षकांसह काळ्या आणि सावळ्या त्वचेवर रोगांची लक्षणे कशी दिसतात हे दाखवणारी पुस्तिका तयार केली. कारण त्याला शिकवली जाणारी चित्रे प्रामुख्याने गोऱ्या त्वचेची होती. पुढच्याच वर्षी चिडिएबेरे इबे या नायजेरियन तरुणाने काढलेले, मातेच्या उदरातील कृष्णवर्णीय बाळाचे चित्र जगभर गाजले. ते नवलाचे वाटावे, हीच खेदाची गोष्ट होती.

आणि हे आपल्याला परके का वाटावे? १८५८ साली हेन्री ग्रे यांचा शरीररचनेवरील प्रसिद्ध ग्रंथ निघाला. त्यातील साडेतीनशेहून अधिक चित्रे हेन्री व्हॅनडाइक कार्टर या तरुण डॉक्टराने काढली होती. अवयवांची नावे त्याने त्या त्या अवयवावरच लिहिली, त्यामुळे विद्यार्थ्याचा डोळा इकडेतिकडे भटकत नसे. ग्रंथाच्या प्रतींवरील मानधन ग्रे यांना मिळत राहिले. कार्टरच्या हाती एकदाच ठरावीक रक्कम पडली. त्याच वर्षी कार्टर मुंबईला आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवू लागला, पुढे साताऱ्यास सिव्हिल सर्जन झाला. अनवाणी शेतकऱ्यांच्या पायांना ग्रासणाऱ्या बुरशीच्या रोगावर त्याने १८७४ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, कुष्ठरोगाचाही आयुष्यभर अभ्यास केला. म्हणजे वैद्य आणि चित्रकार एकाच देहात या महाराष्ट्राच्या मातीत वावरून गेला. जग ग्रेचे नाव घेते. कार्टरचा हात विसरते. चित्रकाराला मजूर समजण्याची आपली खोड इतकी जुनी आहे.

कोणी म्हणेल, ग्रामीण रुग्णालयांत खाटा नाहीत, औषधे नाहीत, डॉक्टर टिकत नाहीत. आणि तुम्ही रंगपेट्या वाटायला निघालात! आक्षेप खोटा नाही. पण जेथे यंत्रे नाहीत तेथेच डॉक्टराचा डोळा अधिक तीक्ष्ण असावा लागतो. अमेरिकेतील येल विद्यापीठाने वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना कलादालनात नेऊन चित्रांसमोर उभे केले: जे दिसते ते सांगा, निष्कर्षाची घाई नको. असे शिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्यांना पुढे रोग्यांच्या छायाचित्रांतील बारकावे इतरांहून अधिक टिपता आले, हे २००१ साली प्रसिद्ध झाले. त्यासाठी यंत्रसामग्री लागली नाही. लागला तो वेळ आणि एक चांगला कलाशिक्षक.

आपल्याकडे वैद्यकाचा विद्यार्थी चित्र काढतच नाही, असेही नाही. सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलींनी तो वहीत रेखाटतो. पण कितीजण काचेतून पाहून रेखाटतात आणि कितीजण वरच्या वर्गातील विद्यार्थ्याची वही समोर ठेवून? उत्तर प्रत्येक डॉक्टराला ठाऊक आहे. डोळ्याला वळण लावणारा अभ्यास आपण नकलेचा कारखाना करून टाकला. २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात रुग्णाशी वागणूक, नीती आणि संवाद यांना जागा मिळाली, हे स्वागतार्ह आहे. परंतु ज्याने रुग्णाकडे धड पाहिलेच नाही, तो त्याच्याशी संवाद काय साधणार?

या प्रश्नाची जबाबदारी नाशिकवर विशेष आहे. महाराष्ट्राचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे. राज्यभरातील वैद्यकीय, दंत, आयुर्वेद आणि परिचर्या महाविद्यालये त्याच्याशी जोडलेली आहेत. कलाशिक्षणाची आणि चित्रकारांची परंपरा याच शहरात आहे. आणि याच जिल्ह्याच्या पश्चिमेला पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर तालुक्यांत भिंतीवर तांदळाच्या पिठाने जग रेखाटणारी वारली माणसे राहतात. एखादी पोस्टर स्पर्धा किंवा एखादे प्रदर्शन यावर समाधान मानू नये. कलाशिक्षकाला वैद्यकाच्या वर्गात कायमचे आसन हवे, चित्रकलेच्या विद्यार्थ्याला रुग्णालयात प्रवेश हवा आणि पाड्यावरचा तक्ता पाड्यावरच्या हातांनी, डॉक्टराच्या शेजारी बसून तयार व्हायला हवा. छापण्यापूर्वी तो त्या वृद्ध बाईला दाखवावा. ती परीक्षक, आपण उमेदवार.

हे नवे वाटत असेल तर पांडवलेण्यांवर जाऊन यावे. दहाव्या लेण्याच्या अंगणातील एका शिलालेखात आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळची, म्हणजे तिसऱ्या शतकातील, नोंद आहे. विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने तेल्यांच्या आणि अन्य कारागिरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली, ती त्रिरश्मी डोंगरावर राहणाऱ्या भिक्षुसंघातील आजाऱ्यांच्या औषधासाठी. ज्या डोंगरात शिल्पकारांनी छिन्नी चालवली, त्याच डोंगराच्या दगडावर औषधाची तरतूद कोरली गेली. पैसा कारागिरांच्या हाती, औषध रोग्याच्या मुखी. त्या उपासिकेला कला आणि उपचार यांची ताटातूट सुचली नव्हती.

आपल्या धर्मग्रामांनी तरी वाट कशाची पाहावी? आपल्या शाळांत चित्रकलेचे शिक्षक आहेत, आपल्या दवाखान्यांत धर्मभगिनी आहेत. त्यांची गाठ वर्षातून एकदा सणाच्या सजावटीपुरती पडते. येत्या संत लूकच्या सणाला त्यांना एका टेबलाशी बसवा आणि आपल्या भागातील एका रोगाचा एक प्रामाणिक तक्ता तयार करायला सांगा. एवढे केले तरी पुष्कळ झाले.

दयाळू शोमरोनीचा दाखला केवळ लूकच्याच शुभवर्तमानात आहे, हे आपण ध्यानात घेत नाही. वाटेवर पडलेला तो जखमी मनुष्य याजकाला दिसला होता, लेवीलाही दिसला होता. दोघेही बाजूने निघून गेले. तिसऱ्याने पाहिले आणि तो थांबला. मग तेल आले, द्राक्षारस आला, पट्ट्या आल्या. उपचार पाहण्यापासून सुरू झाला. वैद्य आणि चित्रकार या दोघांचाही आश्रयदाता असलेला संत आपल्याला दुसरे काय शिकवणार?