बटण कोणी दाबून पाहिले काय?

कारखान्याच्या जिन्यावर, गोदामाच्या दारावर आपत्कालीन दिवा लावलेला दिसतो. मालक समाधानी, तपासनीसही समाधानी. पण वीज गेल्यावर हा दिवा किती वेळ जळेल, हे कोणी पाहिले आहे काय?

महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत सादर करण्याची जबाबदारी मालकाची वा भोगवटादाराची आहे. कायदा कमी नाही. पण टेबलावर बसून केलेली सही अंधारात उजेड देत नाही!

दिव्यावरचा लुकलुकता ठिपका म्हणजे चार्जिंग चालू, एवढेच. बॅटरीत दम आहे की नाही, हे वीजपुरवठा तोडल्याशिवाय कळत नाही. महिन्यातून एकदा बटण दाबून दिवा पेटतो का पाहावे; वर्षातून एकदा पुरा दीड तास बॅटरीवर जाळावा. ही मोठी चाचणी पाळी सुटल्यावरच घ्यावी, कारण रिकामी बॅटरी पुन्हा भरायला बरेच तास लागतात. रातपाळी असेल तर दिवे आलटूनपालटून तपासावेत.

साहेब लोक संध्याकाळी घरी जातात. रात्री तळघरात, बंद शटरआड राहतात ते कंत्राटी सफाई कामगार आणि रखवालदार. आपलीच माणसे. म्हणून चाचणीची नोंदवही साहेबांच्या कपाटात नको, हजेरीच्या जागी टांगा आणि प्रत्येक तारखेपुढे कामगार प्रतिनिधीची सही घ्या, अशी आमची मागणी आहे. युनियनच्या कार्यकर्त्यांनी प्रमाणपत्राची प्रत लेखी अर्ज करून मागावी. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.