कांदळवन प्रतिष्ठानास, पिंपरीहून

प्रति,
कार्यकारी संचालक, कांदळवन प्रतिष्ठान, मुंबई



पिंपरी-चिंचवडला समुद्र नाही, पण नोकरीसाठी आलेली कोकणी घरं भरपूर. मुशी आणि पाकट इथे सहज खपतात. म्हणून हे पत्र एमआयडीसीतून.

संरक्षित जीव जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजारांपर्यंत भरपाई देण्याची २०१८ची योजना उत्तम. पण पाकटांच्या गोतावळ्यातल्या दोन नातलगांचं नशीब सारखं नाही. करवत मासा शेंबडं पोरही ओळखेल. करवतीचे दात जाळ्यात गुंततात, मग सुटका नाही. मार्च २०२१मध्ये कर्नाटकातल्या मलपे बंदरात एक आला, तो क्रेनने उचलला आणि देशभर बातमी झाली.

गिटारफिशची बातमी होत नाही. पुढून पाकट, मागून मुशी, असं हे ध्यान. त्याच्या परांना मात्र परदेशात जबर भाव. त्याचे भाऊबंद वेजफिश आणि मोठे गिटारफिश मिळून १६ जाती. २०१९मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने त्यातल्या १५ अतिसंकटग्रस्त ठरवल्या. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २००१च्या यादीत यांच्यापैकी एकच जात होती, आणि तीही पुढच्या अभ्यासात मुख्यतः आफ्रिका-अरबस्तानकडची निघाली! २०२२च्या दुरुस्तीने यादी वाढली, हे बरं झालं.

माझं मत स्पष्ट आहे: आता जोर गिटारफिशवर द्या. करवत मासा आपल्या किनाऱ्यावर क्वचितच दिसतो. गिटारफिश अजून जाळ्यात येतो, म्हणजे सोडून देण्याजोगा अजून आहे. ओळखायची खूण सोपी आहे. कल्ले बाजूला असले तर मुशी, पोटाखाली असले तर पाकटाचा भाऊबंद. ही खूण चित्रासह मराठीत छापून बंदरांवर लावा. तुकडे पडल्यावर पिंपरीच्या कोळणीला किंवा गिऱ्हाइकाला काय कळणार? चाकणच्या कारखान्यात बोल्टाच्या पेटीवरही पुरवठादार आणि तारीख असते. मासळीच्या क्रेटवर बंदराचं नावसुद्धा आम्हाला दिसत नाही. मत्स्यव्यवसाय विभागाला सोबत घेऊन निदान ते तरी लिहायला लावा. दोष विकणाऱ्यांच्या माथी मारून मोकळं होऊ नका, त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

१ ऑगस्टला मासेमारी पुन्हा सुरू होते. त्याआधी तुमचा माणूस आमच्या बाजारात येईल का?

आपला,
पिंपरीतला एक मासेखाऊ