थंडीतली मोटार आणि चोकची सवय

डिसेंबर उजाडला आणि निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या येऊ लागल्या, की पुण्या-नाशिकच्या गृहनिर्माण संस्थांतून पहाटेचा एक विधी सुरू होतो. मोटार चालू करून मालक चहाला घरात जातो आणि १०-१५ मिनिटे इंजिन घरघरत राहते. गाडी तापवल्याखेरीज बाहेर काढू नये, ही त्याला वडिलांची शिकवण. वडिलांचे म्हणणे त्यांच्या गाडीपुरते खरेच होते. अ‍ॅम्बॅसडर किंवा प्रीमियर पद्मिनीच्या कार्बुरेटरमध्ये थंडीत पेट्रोलची पुरेशी वाफ होत नसे. चोक ओढावा लागे आणि इंजिन ऊब धरीपर्यंत थांबावे लागे. एरवी गाडी फाटकातच आचके देऊन बंद पडे.

त्या गाड्या बहुतेक भंगारात गेल्या, सवय मात्र उरली. आजच्या गाडीत इंजिनाचे तापमान पाहून किती पेट्रोल सोडायचे हे संगणक ठरवतो. अर्धा मिनिट थांबून पहिले काही किलोमीटर जोर न देता गाडी चालवली, तर इंजिन उभ्या गाडीपेक्षा लवकर तापते. उभ्या गाडीत मात्र ते दीर्घकाळ गारच राहते, आणि गार इंजिनाला पेट्रोल अधिक लागते. त्यातला न जळलेला अंश सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन खाली ऑइलमध्ये मिसळतो. जपणूक म्हणावी ती अशी!

झीज मालकाची, पण धूर शेजाऱ्यांचा. धुरातील विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावाचून नीट काम करीत नाही. त्यातच हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची गार हवा वर चढत नाही. तेव्हा कार्बन मोनॉक्साइडसह हा धूर तळमजल्याच्या खिडक्यांत आणि शाळेच्या रिक्षाची वाट पाहणाऱ्या मुलांच्या छातीत जातो. बंद गॅरेजमध्ये तर तो जीवही घेतो. पीयूसी चाचणी तापलेल्या इंजिनावर होते, त्यामुळे पहाटेचा हा धूर कोणत्याच प्रमाणपत्रात येत नाही.

खरी थंडी लडाखची. तेथे डिझेलमधील मेण गोठून टाकीतच ते थिजते. मग रॉकेल मिसळणे, टाकीखाली शेकोटी करणे असले जिवावरचे उपाय चालत. २०१९ साली इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल तेथे आणले. थंडीचा प्रश्न असा इंधनाच्या घडणीत सुटतो. आपल्याकडे थंडीसाठी बॅटरी तपासावी, पारा घसरला की टायरची हवाही उतरते म्हणून ती भरून घ्यावी, एवढे पुरे.

जर्मनीत विनाकारण इंजिन चालू ठेवण्यास वाहतूक नियमांनीच मनाई आहे. आपल्याकडेही मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक जागी, चालकाच्या आसनावर परवानाधारक नसताना, इंजिन चालू ठेवून गाडी उभी करता येत नाही. संस्थेच्या आवाराला ते लागू पडते काय, हा वकिलांचा विषय. परंतु निम्म्या गाड्या रस्त्यावरच उभ्या असतात. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत या कलमावर नेमाने प्रश्न विचारावा, आणि वाहतूक पोलिसांनी हिवाळ्यात एखादी फेरी सकाळी साडेसहाला गल्लीबोळांतूनही मारावी.