तक्रारदार कुठाय?

परवा रात्री जेवणं आटोपून आम्ही सगळे टीव्हीवर पोलिसांची मालिका बघत होतो. मंत्र्यानं जमिनीच्या व्यवहारात पैसे खाल्लेले, फाइल दाबलेली. कागद गोळा करणारा कारकून पहिल्या पाच मिनिटांत मरतो. मग इन्स्पेक्टर येतो, लाथेनं दार उघडतो, दोन मुस्काटात ठेवून देतो आणि शेवटी मंत्र्याच्या हातात बेड्या. शेजारचे मामा खूश झाले. म्हणाले, "असला एक साहेब आपल्याकडं पाहिजे बघा!"

माझ्या डोक्यात मात्र तो कारकूनच राहिला. पुढच्या चाळीस मिनिटांत त्याची कुणाला आठवणसुद्धा झाली नाही. लाचेच्या खऱ्या सापळ्यात साहेब कुणीही असला तरी चालतं, तक्रारदार नसेल तर सापळाच लागत नाही.

लांब जायला नको. जानेवारी २०१५ मध्ये आपल्याच कोल्हापूरच्या तेव्हाच्या महापौरांवर लाचेचा गुन्हा दाखल झाला. रक्कम होती सोळा हजार. दोषी कोण, निर्दोष कोण हे न्यायालयाचं काम, त्यात मी पडत नाही. पण ती कारवाई झाली ती एका माणसानं लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची पायरी चढून तक्रार दिली म्हणून.

तेव्हा मंडळी, ही पायरी कशी चढायची ते माहीत असू द्या. तलाठी असो, नगरसेवक असो की त्यांचा मधला माणूस, "साहेबांचं काय ते बघा" असं कुणी म्हणालं तर तिथं भांडू नका. काय बोलणं झालं, कुठं, किती वाजता, हे घरी येऊन लिहून काढा. मग १०६४ ला फोन करा. हा नंबर टोल फ्री आहे. विभागाचे लोक आधी मागणीची पडताळणी करतात. मग पंचांसमोर नोटांचे नंबर टिपून घेतात, नोटांना पावडर लावतात. ही पावडर घेणाऱ्याच्या हाताला लागते आणि तपासणीत दिसून येते. सापळ्यात अडकलेले तुमचे पैसे सरकार परत देतं.

"पण देणाराही गुन्हेगार ना?" हा प्रश्न हमखास येतो. खरं आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. मात्र जबरदस्तीनं द्यावी लागली आणि सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं, तर तुम्हाला संरक्षण आहे. आधी कळवून सापळ्यासाठी पैसे दिले तर प्रश्नच नाही. गप्प राहण्यातच खरा धोका आहे.

मालिका बेड्या पडल्या की संपते. कोर्टात मात्र तारखा पडतात. लोकसेवकावर खटला भरायला आधी मंजुरी लागते, त्यात महिने जातात. दरम्यान कुणीतरी घरी येतं, "मिटवून टाकू, गावातलीच माणसं आपण" म्हणतं. तक्रारदार फितूर झाला की केस ढासळते. म्हणून गल्लीत कुणी तक्रार दिली असेल तर त्याला एकटं पाडू नका. तारखेला त्याच्यासोबत दोघं जा. तालमीच्या पोरांना हे काही अवघड नाही.

सगळीच खाबूगिरी नोटांच्या पाकिटातून होत नाही. गल्लीतला रस्ता पहिल्याच पावसात उखडला तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये फी, एका अर्जात एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि बिलाची प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा. कागद हातात आल्याशिवाय कुणाला चोर म्हणू नका.

'सामना' सिनेमा पाहिलाय ना? निळू फुल्यांच्या हिंदुरावाकडं कारखाना, माणसं, सत्ता, सगळं होतं. समोर डॉ. लागूंचा दारुडा मास्तर. त्याच्याकडं ना वर्दी, ना पिस्तूल. मारुती कांबळेचं काय झालं, एवढाच प्रश्न तो धरून बसला आणि हिंदुरावाची झोप उडाली. आपल्या कोल्हापूरनं टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी तेच केलं. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी म्हातारी माणसं पुढं होती आणि मागं बायाबापड्यांसकट अख्खं गाव. वर्षानुवर्षं टोल नाकारत राहिलो, शेवटी सरकारला तो रद्द करावा लागला. तेव्हा कुठला इन्स्पेक्टर आला नव्हता.

मालिका बघा, मीही बघतो. पण त्याआधी १०६४ मोबाइलमध्ये सेव्ह करा. मामांनाही त्या रात्री तेवढंच विचारलं, "मामा, साहेब येईल हो. तक्रारीवर सही कोण करणार?"