वाचादोष की निव्वळ वेगळी भाषा?

मुलगा चार वर्षांचा झाला तरी नीट बोलत नाही म्हणून खानापूर तालुक्यातील एक पालक मध्यंतरी आमच्याकडे आले होते. शहरात त्याची तपासणी झाली ती कन्नड शब्दांवर. घरात मराठीशिवाय दुसरी भाषा नाही. पोराने 'नीरु', 'मने' ओळखावे कसे? कागदावर 'भाषाविकास मंद' असा शेरा पडला आणि वर सल्ला मिळाला, घरी मराठी बोलणे बंद करा! दोष आहे की नाही हे ठरविणारे आम्ही कोण? पण ही तपासणी तरी कसली म्हणायची?

भाषेच्या हक्काची चर्चा आम्ही फलक, परिपत्रके आणि उतारे यांवरच करीत आलो. हा विषय समितीच्या यादीत कधी नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

वाक्-श्रवण तज्ज्ञ घडविणारा पदवी अभ्यासक्रम बारावी विज्ञाननंतर चार वर्षांचा असतो. शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था १९६५ ची, मुंबईची अली यावर जंग संस्था १९८३ ची. उशिरा बोलणे, तोतरेपणा, बहिरेपणा, पक्षाघाताने गेलेली वाचा, घास गिळण्याची अडचण, हे सारे या तज्ज्ञांचे काम. पण या शिक्षणाचे कळीचे उद्दिष्ट वेगळेच आहे : दोष कोणता आणि दोन भाषांतला साधा फरक कोणता, हे ओळखता येणे.

आमच्याकडे हा प्रश्न रोजचा आहे. 'चार' आणि 'चाक' यांतले दोन 'च' मराठी कानाला वेगळे; कन्नडला हा भेद नाही, म्हणून तिथे तो उच्चारदोष ठरू शकतो. उलट ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए' कन्नडमध्ये निराळे. तिथे आमचे मूल अडखळते. पुण्या-मुंबईचा नवखा तज्ज्ञ आला तरी सुटका नाही. आमच्या मायबहिणी 'मी आलो, मी जातो' म्हणतात; तो मुलीचे व्याकरण चुकले असे लिहून मोकळा होईल. आणि निपाणीत जन्मभर विड्या वळलेल्या आजीची वाचा पक्षाघाताने गेली, तर ती परत आणायची कोणत्या शब्दांनी? दोन भाषांमुळे मूल मुके होत नाही, हेही पालकांना कोणीतरी ठासून सांगायला हवे.

सीमाभागातील ८६५ गावांच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राने काही व्यावसायिक अभ्यासक्रमांत जागा राखल्या आहेत. आमची हुशार मुले डॉक्टर-इंजिनिअरपलीकडे बघत नाहीत. या वाटेने दोन-चार जण गेले आणि शेवटच्या वर्षाचे काम त्यांना खानापूर-निपाणीत करू दिले, तर इथल्या बोलीतल्या शब्दयाद्या तरी तयार होतील. विद्यापीठांकडे हीच मागणी करायचे समितीच्या बैठकीत ठरले आहे.

त्या मुलाचे कान मात्र अजून कोणी तपासलेले नाहीत. आधी ते करून घ्या, असे पालकांना सांगितले आहे. बोलायला मराठी येणारा माणूस हवा, म्हणून आमच्यापैकी एक जण सोबत जाणार आहे.