डुक्कर फियाटला शाल-श्रीफळ

जुन्या मोटारींना सध्या सुगीचे दिवस आले आहेत. ज्या गाडीला अवघ्या मुंबईने ‘डुक्कर फियाट’ म्हणून हिणवले, तिचे रंगीत छायाचित्र आज गुळगुळीत कागदावर दोन पाने आडवे पसरून छापले जाते आणि खाली तिच्या ‘अभिजात’ सौंदर्याची स्तुती असते. तीच ती गाडी! साठ सालाच्या आगेमागची, फुगीर घाटाची, पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडणारी. गाडी आहे तशीच आहे. तिच्याकडे पाहणाऱ्यांचे डोळे तेवढे बदलले. आपल्याकडे माणूस हयात असताना त्याला नावे ठेवायची आणि पंचाहत्तरी उलटली की सभागृह भाड्याने घेऊन शाल-श्रीफळ द्यायचे, ही रीत जुनीच आहे. आता ती मोटारींनाही लागू झाली, एवढेच.

वाचकहो, माझे भांडण या सत्काराशी नाही. सत्कार उशिरा झाला म्हणूनही मी रुसलेलो नाही. डोंबिवलीत राहणाऱ्या आणि आयुष्याचा मोठा भाग लोकलच्या दांडीला लोंबकळून काढलेल्या माझ्यासारख्याने मोटारीच्या मानपानावरून रुसावे तरी कशाला? माझे भांडण आहे ते या सत्काराच्या निमंत्रणपत्रिकेशी. तिच्यावर मालकाचे नाव असते, छायाचित्रकाराचे असते, रंगाच्या छटेचेसुद्धा असते. ज्याने ती गाडी घडवली आणि ज्याने ती चालती ठेवली, त्याचे नाव मात्र शोधूनही सापडत नाही. मोटारींची मासिके काळाप्रमाणे आपली रुची बदलतात, याचे मोठे कौतुक होते. मी म्हणतो, रुची बदलली; पंगत बदलली का?

या मासिकांचा मूळ पुरुष अमेरिकेत सापडतो. १९४८ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसला रॉबर्ट पीटर्सन नावाच्या तरुणाने एका जोडीदाराबरोबर ‘हॉट रॉड’ नावाचे मासिक काढले. पहिल्या अंकाच्या प्रती ५,०००, किंमत २५ सेंट. आता हॉट रॉड म्हणजे काय? फोर्डची जुनी, पडेल भावाची गाडी घ्यायची, तिची मडगार्डे काढायची, वजन घटवायचे, इंजिनाची ताकद वाढवायची आणि कॅलिफोर्नियातल्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर तिला भन्नाट पळवायची. हा उद्योग करणारी पोरे धनिकांची नव्हती. युद्धातून परतलेली, यंत्रशाळेत हात काळे करणारी, बापाच्या अंगणात रात्री उशिरापर्यंत पाने घेऊन बसणारी ती पोरे होती. मासिक त्यांचे होते. त्यात गाडीचे चित्र असे आणि तसली गाडी आपल्या हातांनी कशी करावी याचा पाठही असे. स्वयंपाकाच्या पुस्तकात पक्वान्नाचे चित्र आणि कृती दोन्ही असावीत, तसा तो प्रकार.

पुढे रुची बदलत गेली. साठीच्या दशकात डेट्रॉइटच्या कारखान्यांनीच दांडग्या इंजिनांच्या गाड्या बाजारात आणल्या. मासिकाने त्यांना पाने दिली. १९७३ मध्ये तेलाची टंचाई झाली आणि पेट्रोल पिणाऱ्या त्या पहिलवानांचा भाव उतरला. काही वर्षांनी तेच पहिलवान ‘क्लासिक’ म्हणून परत आले. जपानी गाड्या आल्या, त्यांचेही भक्त निघाले. आता तर जुन्या सांगाड्यात विजेची मोटर बसवावी की नाही यावर तिकडे वाद झडतात. १९७७ मध्ये सान होजे येथे मेक्सिकन वंशाच्या विद्यार्थ्यांनी ‘लोरायडर’ नावाचे मासिक काढले. आपल्या वस्तीतल्या, जमिनीला टेकतील इतक्या खाली बसवलेल्या, नखशिखांत रंगवलेल्या गाड्या कोणी छापत नाही ना, मग आपणच छापू, असा तो सरळ हिशेब होता.

२०१९ च्या डिसेंबरात या मासिकांच्या मालक समूहाने आपल्या २२ छापील नियतकालिकांपैकी १९ बंद करण्याचे जाहीर केले. ‘लोरायडर’ गेले, ‘हॉट रॉड’ वाचले. वाचक आणि जाहिराती दोन्ही कागदावरून पडद्यावर गेल्या. त्याला कोण काय करणार? पण सत्तर-ऐंशी वर्षांच्या या इतिहासातून मी एक गोष्ट उचलतो. तिकडची रुची कितीही बदलली, तरी तिचा उगम वाचकाच्या अंगणात होता. आधी हाताला मळ लागला, मग छायाचित्र निघाले.

आपल्याकडे गंगा उलटी वाहिली. मोटारींची इंग्रजी मासिके आपल्याकडे भरात आली ती नव्वदीच्या अखेरीस. ‘ओव्हरड्राइव्ह’ १९९८ चे, ‘ऑटोकार इंडिया’ १९९९ चे. १९९८ याच सालात सँट्रो आणि इंडिका बाजारात उतरल्या. चाळीस वर्षे दोन-तीन गाड्यांपलीकडे काही न पाहिलेल्या देशात एकदम जत्रा भरली. कोणती गाडी घ्यावी हे सांगणारा जाणता माणूस लोकांना हवाच होता, आणि मासिकांनी ते काम चोख केले. पण त्या जत्रेत पद्मिनीची आठवण निघाली तर ती थट्टेपुरती. जुन्या मोटारींचा लेख आला तर तो संस्थानिकांच्या रोल्स-रॉइसचा. म्हणजे वाचकासमोर दोनच चित्रे: एक हप्त्याने घेण्याच्या गाडीचे, दुसरे जन्मात न मिळणाऱ्या गाडीचे. ज्या गाडीतून त्याच्या बहिणीची पाठवणी झाली, ज्या टॅक्सीतून त्याची आई इस्पितळात गेली, ती गाडी दोन्हीकडून गळली.

मग घड्याळाचा काटा फिरला. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २००३ च्या ऑक्टोबरात नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मर्यादा संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर, ऐन दिवाळीच्या तोंडावर, निवृत्त झाली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी काढलेले सुस्कारे एकत्र केले असते तर त्यांवर एखादी टॅक्सी चालली असती! तेव्हापासून पद्मिनी ‘वारसा’ झाली. हा वारसा कोणाचा, हे विचारायला मात्र कोणी थांबले नाही.

मी सांगतो कोणाचा. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ निघू लागली आणि पुढे १९७४ मध्ये तिचेच नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगला गिअर, जेमतेम चाळीस अश्वशक्ती. कुर्ल्याच्या भोंग्यावर पोचण्यासाठी ठाण्या-कल्याणच्या चाळींतून पहाटे डबे भरले जात. आणि प्रीमियरचा दुसरा कारखाना कोठे होता? आमच्या वेशीवर, कल्याण-शीळ रस्त्याला! तेथे नव्वदीच्या मध्यात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या भागीदारीत ‘प्यूजो ३०९’ बनत होती. १९९७ मध्ये फ्रेंच भागीदार निघून गेला आणि ती गाडी संपली. ज्या गावाची ख्याती लोकलच्या गर्दीसाठी आणि व्याख्यानमालांसाठी, त्या गावाने एकेकाळी फ्रेंच मोटार जोडली होती, हे आज किती डोंबिवलीकरांना ठाऊक आहे? त्या रस्त्याच्या दुतर्फा आता गृहसंकुलांचे मनोरे उभे आहेत. त्यांच्या वाहनतळांत शेकडो मोटारी उभ्या असतात. इथे कधी मोटारी बनत होत्या, याची खूण त्यांतल्या एकीलाही नाही.

आणि ज्यांनी या गाड्या चालत्या ठेवल्या ते? ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून कल्याणच्या भिवंडी रस्त्यापर्यंतच्या गॅरेजांतले उस्ताद आणि त्यांच्या हाताखालची पोरे. पॉइंट घासून गाडी सुरू करणारे, नुसत्या आवाजावरून व्हॉल्व्हचे दुखणे सांगणारे, कसारा घाटात उन्हाने इंजिन रुसले की फ्युएल पंपावर ओले फडके टाका, असा मंत्र देणारे. स्टिअरिंगचा गिअर काढून तो खाली बसवणारे, बाकडे काढून दोन सुट्या खुर्च्या घालणारे, पेट्रोलच्या गाडीला गॅसचे किट जोडणारे. मी विचारतो, हे हॉट रॉड नव्हे तर काय? कॅलिफोर्नियाच्या पोरांनी हौसेने केले ते आमच्या उस्तादांनी गरजेने केले, आणि पोट भरण्यासाठी केले. त्यांच्यावर एक पान निघाले नाही, कारण त्यांच्या गाडीला चकाकी नव्हती आणि त्यांना इंग्रजी येत नव्हते.

कोणी म्हणेल, अहो, पद्मिनी ही गाडी तरी काय होती? परवान्याच्या राज्यात स्पर्धा नाही, पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहायची, आणि हाती येणार ती इटलीने केव्हाच टाकून दिलेली गाडी! हे सारे मला मान्य आहे. त्या काळाची आरती मला ओवाळायची नाही. पण फोर्डची जुनी गाडी तरी काय अप्सरा होती? ती स्वस्त होती, जागोजाग होती आणि लोकांनी तिच्यावर हात चालवला. म्हणून ती इतिहासात गेली. गाडी चांगली होती की वाईट, हा प्रश्न खरेदी करणाऱ्याचा. तिच्यासाठी माणसांनी काय काय केले, हा प्रश्न आठवण ठेवणाऱ्याचा. मासिकांनी या दोन प्रश्नांची गल्लत केली आहे.

दुसरे कोणी म्हणेल, जुन्या गाड्या धूर सोडतात. सोडतात ना! लाखो पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणा, असे मी म्हणतच नाही. पण कायद्याचा न्याय पाहा. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ मोटारींचे नियम केले: पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी, नोंदणीची फी २०,००० रुपये, आणि गाडी फिरवायची ती प्रदर्शन, रॅली, संशोधन, दुरुस्ती अशा कारणांपुरती. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्यांनी आता कोठे ही पन्नाशी गाठली. एखाद्या निवृत्त कारकुनाने आपली गाडी जपली असेल, तर त्याने २०,००० मोजून ती रॅलीपुरती शोभेला ठेवावी, नाहीतर साधी जुनी गाडी म्हणून फेरनोंदणी करावी. तीही फी वीस वर्षांवरील मोटारींसाठी २०२५ च्या ऑगस्टमध्ये ५,००० वरून १०,००० झाली. दहा गाड्या बाळगणाऱ्याला हे आकडे म्हणजे फुटाणे. एकच गाडी बाळगणाऱ्याला ते कळतात.

आणि ‘मूळ रूप’! मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने ठरवलेल्या तपशिलात मनमानी बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. रस्त्यावरील सुरक्षेसाठी ते योग्यच आहे. पण मग मूळ रूपात कोण राहिले? जी गाडी छपराखाली झाकून ठेवली ती. जी रोज राबली, जिचे गिअर बदलले, जिला गॅस जोडला, जिचा पत्रा चार पावसाळ्यांनंतर ठोकून नवा केला, ती ‘मूळ’ उरत नाही. म्हणजे जिने कष्ट केले ती अपात्र आणि जी बसून राहिली ती अभिजात! हा न्याय आपण माणसांनाही लावतोच, म्हणून तो इतका ओळखीचा वाटतो.

तक्रार करून थांबणे मला आवडत नाही. म्हणून मागणी करतो. जुन्या गाडीवर लेख छापणाऱ्या प्रत्येक संपादकाने निम्मी जागा ती गाडी दुरुस्त करणाऱ्याला द्यावी, नाव-गाव आणि चेहऱ्यासकट. मराठी दिवाळी अंकांनीही यात अंग चोरू नये. १९०९ साली ‘मनोरंजन’कर्त्या का. र. मित्रांनी दिवाळी अंकाचा पायंडा पाडला, तेव्हापासून आपण कथाकाराला, कवीला, ज्योतिष्याला पाने देत आलो. एखादे पान फिटरला दिले तर अंक विटाळणार नाही. आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. मोटार रस्त्यावर येण्याच्या आधीपासून ज्या संस्था कागद जपत आल्या, त्यांनी प्रीमियरच्या कामगारांची ओळखपत्रे, पगाराच्या चिठ्ठ्या, कारखान्यातली छायाचित्रे मागून घ्यावीत आणि त्यांच्या तोंडची हकीकत ध्वनिमुद्रित करून ठेवावी. हे काम आता करायला हवे. गाडी पन्नास वर्षे झाकून ठेवता येते. सत्तरी-ऐंशीतल्या फिटरला झाकून ठेवता येत नाही.

तुमच्या घरी या दिवाळीला फराळाला जमलेल्यांत एखादे काका, एखादे आजोबा प्रीमियरमध्ये, एखाद्या गॅरेजात, नाहीतर टॅक्सीच्या चाकामागे आयुष्य काढलेले असतील. चकलीची बशी त्यांच्यापुढे सरकवा आणि विचारा, “तुमच्या हातून काय काय जायचे हो?” ते सांगतील ते लिहून घ्या. डुक्कर फियाटला शाल मिळाली, आनंद आहे. पण श्रीफळ ज्याच्या हाती द्यायचे तो माणूस अजून आपल्या घरात बसला आहे, तो उठून जाण्याआधी ते देऊन टाका.