संगणकाची बडबड बंद करू नका, तिला मर्यादा घाला



आपल्या बुलडाणा जिल्ह्यात शाळेतला किंवा घरचा जुना संगणक चालू ठेवायचा तर लिनक्स हा चांगला पर्याय आहे. उबंटू फुकट मिळते. आपल्या सी-डॅकची बॉस लिनक्स आणि शाळांसाठीची एड्यूबॉसही आहे. पण एखाद्या दिवशी संगणक 'डिस्कमध्ये जागा नाही' म्हणतो. मुलांनी काढलेली चित्रं सेव्ह होत नाहीत, कधी लॉगिनही होत नाही. मग आपण एक तर फॉरमॅट मारतो, नाहीतर 'लिनक्स बेकार' म्हणून मशीन कपाटात ठेवतो. दोन्हीकडून नुकसान पोरांचंच.

कारण कधीकधी साधं असतं. प्रोग्राम बनवणारे चुका शोधण्यासाठी त्यात संदेश घालून ठेवतात. ते पडद्यावर दिसत नाहीत, लॉगमध्ये म्हणजे नोंदवहीत साठतात. प्रोग्राम बिघडला की तीच ती ओळ हजारो वेळा लिहीत सुटतो. काही संगणकांवर होम फोल्डरमधली 'डॉट एक्स-सेशन-एरर्स' ही लपलेली फाइल अशीच फुगते. नव्या लिनक्समधल्या 'जर्नल' या नोंदवहीला मात्र मुळातच मर्यादा असते: डिस्कचा 10 टक्के भाग, तोही जास्तीत जास्त 4 जीबी.

काही जण सांगतात, नोंदी पूर्ण बंदच करून टाका. मला हे पटत नाही. गोंगाट झाला म्हणून सगळ्या वर्गाला तोंडावर बोट ठेवायला लावलं, तर पोट दुखणारं लेकरूही गप्प बसतं. हार्ड डिस्क खराब होत असल्याची सूचना याच जर्नलमध्ये येते.

त्यापेक्षा एवढं करा:

1. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबा, लपलेल्या फाइलींचा आकार पाहा.
2. मोठी फाइल एडिटरमध्ये उघडू नका, संगणक अडकेल. टर्मिनलमध्ये 'टेल' कमांडने शेवटच्या ओळी वाचा. बहुतेक वेळा बडबड्या प्रोग्रामचं नाव तिथंच सापडतं.
3. तो प्रोग्राम अपडेट करा किंवा काढून टाका.
4. फाइल डिलीट केल्यावर लॉगआउट करा. प्रोग्रामने ती उघडी धरली असेल तर तोवर जागा मोकळी होत नाही.
5. जर्नलच्या सेटिंगमध्ये 'सिस्टम-मॅक्स-यूज' 100 एमबी ठेवा.

आणि हे काम सहावी-सातवीच्या मुलांना सोबत बसवून करा. मशीन का अडलं हे वाचून शोधणं, हासुद्धा संगणकाचा धडाच आहे.